सड्यावरचा वर केलेला हात

हा कुंभेरीचा सडा, म्हणजे डोंगरावरचं सपाट पठार. नीट बघा, मधला हा पट्टा नुसता काळा कातळ आहे आणि दोन्ही अंगांना गवत उभं आहे. आज दिवाळीचा पाडवा, म्हणून दुपारी याच कातळावर वरची वाडी आणि खालची वाडी चेंडू खेळतील. जिंकेल त्या वाडीने गवताला पहिला विळा लावायचा, ही जुनी रीत.

चेंडू काथ्याचा, घट्ट वळलेला, वरून बकऱ्याचं कातडं शिवलेलं. एका वाडीचा गडी लाथेने तो उंच उडवतो. दुसऱ्या वाडीचा गडी तो झेलतो आणि समोरच्या वेशीच्या धोंड्याकडे पळत सुटतो. पहिली वाडी त्याला आडवी येते, पाडते, ओढते. सगळं चालतं. पण चेंडू हवेत असताना त्याच्याखाली उभ्या असलेल्या माणसाने एक हात वर केला, की त्याला कुणी बोटसुद्धा लावत नाही. सगळे जागच्या जागी थांबतात. मात्र हात वर केलेल्याने चेंडू घेऊन पळायचं नाही. आहे तिथेच उभं राहायचं. पाहुणे दरवर्षी मला विचारतात, गुरव, हे असं का? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा हात वर करायची रीत नव्हती. खालच्या वाडीत धाकू नावाचा गडी होता, झेल घेण्यात त्याच्यासारखा दुसरा नव्हता असं सांगतात. त्याची बायको भागी ही वरच्या वाडीची लेक. तिचा धाकटा भाऊ रावजी, पळण्यात हरणासारखा. एका पाडव्याला चेंडू इतका उंच गेला की उन्हात दिसेना. धाकू मान वर करून त्याखाली उभा होता. रावजी समोरून भरधाव आला आणि चेंडू खाली यायच्या आतच त्याच्यावर आदळला. धाकू कातळावर उताणा पडला. कंबर मोडली. त्यानंतर तो आपल्या पायांवर कधी उभा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. भागीने ताट केलं नाही आणि रावजीही आला नाही. दोन्ही वाड्यांत बोलणं तुटलं. रावजी म्हणे वर्षभर सड्याकडे फिरकला नाही, गुरंसुद्धा दुसऱ्या वाटेने नेई.

पुढचा पाडवा जवळ आला तसं धाकूच्या भावकीने ठरवलं, की या वेळी रावजीला पळत येऊ द्यायचं आणि त्याचीही कंबर मोडायची. हे भागीच्या कानावर आलं. अंथरुणावर पडलेल्या नवऱ्यापाशी बसून ती म्हणाली, "उद्या मी सड्यावर जाते."

 धाकू म्हणाला, "जा. चूक त्याची एकट्याची नव्हती. मी आभाळ बघत होतो, तो चेंडू बघत होता. मला कुणीच बघत नव्हतं. तू लोकांना दिसशील अशी उभी राहा."

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीने चेंडू उडवला. खालच्या वाडीचे गडी दबा धरल्यासारखे उभे होते. तेवढ्यात पदर खोचलेली एक बाई त्यांच्यातून निघाली आणि चेंडूखाली जाऊन उभी राहिली. नजर वर आणि उजवा हात सरळ आभाळात. रावजी पुरा वेगात होता. तो हात दिसला, मग बहीण दिसली. पाय आवरेनात तेव्हा त्याने स्वतःला कातळावर झोकून दिलं. ढोपरं, कोपरं सोलून निघाली, आणि भागीपासून दोन हातांवर तो थांबला.

भागीने चेंडू झेलला की तो सुटला, यावर मात्र एकमत नाही. खालची वाडी म्हणते धरला, वरची म्हणते सुटला. म्हणून तर नियम झाला, की हात वर करूनही चेंडू निसटला तर तो सगळ्यांचा, कुणीही उचलावा.

पण ती काय बोलली यावर वाद नाही. ती म्हणाली, "रावज्या, मी पळणार नाही. तूही धडकू नको." मग भावकीकडे वळून म्हणाली, "आणि तुम्हीही."

कुणी हललं नाही. रावजी पडल्या जागीच बसून राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "आक्का, भावोजींना भेटायला येऊ?"

"उद्या ये," ती म्हणाली. "उद्या भाऊबीज आहे."

रावजी भाऊबिजेला गेला. धाकू पुढे बारा वर्षं जगला. तेवढी वर्षं त्याची शेती रावजीने आपल्या बैलांनी नांगरली, असं म्हणतात.

आजही पाडव्याचा पहिला चेंडू झेलायला माहेर वरच्या वाडीत आणि सासर खालच्या वाडीत असलेली बाई उभी राहते. यंदा माझी सून आहे. मागेही एकदा ती उभी होती. तेव्हा मी तिला विचारलं होतं, एवढे गडी अंगावर धावून येतात, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "मामंजी, वर बघताना कोण येतंय ते दिसतच नाही. नुसते पाय ऐकू येतात. मग हात वर केला की ते थांबतात, आणि सड्यावरचा वारा ऐकू येतो."