तांबीने सांगितलेली चीर

त्या किनाऱ्यावर कुणीच स्वतःचं घर बांधत नसे. तिथले मऊ पाठीचे खेकडे रिकाम्या शंखांत राहत आणि अंग वाढलं की थोडा मोठा शंख शोधून त्यात जात. घर बदलताना क्षणभर उघडं पडावं लागे, आणि वर घारी फिरत असत.

पूर्वी शंखासाठी दिवसच्या दिवस चालावं लागे. मग खडकावर एक बोलका शंख सापडला. त्यात सांगितलेलं किनाऱ्यावरच्या घराघरांत ऐकू येई. कुठला शंख रिकामा आहे, ते बसल्या जागी कळू लागलं. पण एके दिवशी एका निनावी आवाजाने ओढ्याच्या तोंडाशी मोठा शंख असल्याचं सांगितलं. एक खेकडा आपलं घर सोडून त्यात शिरला, तर त्याला मागून भोक होतं. तो परत येईतो त्याच्या जुन्या घरात दुसरंच कुणी बसलं होतं.

त्यानंतर कुणी शंख बदलेना. पंचांनी वाळूत सरळ गल्ल्या आखल्या, प्रत्येकाला चौकोन नेमून दिला. वस्ती नेटकी दिसू लागली. शंखांत मात्र सगळे अवघडून बसले होते.

तांबी नावाच्या खेकडीला तर नांगीही आत घेता येईना. अखेर ती खडकावर चढली आणि बोलक्या शंखात म्हणाली, “मी तांबी. तिसऱ्या गल्लीत राहते. माझा शंख मला आवळतो. त्याच्या कडेला एक चीर आहे. हवा असेल त्याने येऊन चाचपून पाहावा.”

शेजारणींनी तिला वेड्यात काढलं. नाव-पत्ता कशाला सांगितलास, आणि चीर तर मुळीच सांगायची नव्हती, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरचे सर्वांत थोराड खेकडे, भुलोबा, दाराशी आले.

“एक मोठा शंख मी दोन महिने वाळूत पुरून ठेवलाय,” ते हळूच म्हणाले. “त्यात जायचा धीर होत नव्हता. मी उघडा पडलो आणि मधेच कुणी शिरलं तर? पण चीर आहे हे तू आपणहून सांगितलंस, म्हणून आलो.”

तांबीने बोलक्या शंखातून ही बातमी सगळ्यांना कळवली: भुलोबा मोठ्या शंखात गेले की त्यांचं घर त्यांच्या मागच्याला, त्याचं त्याच्या मागच्याला मिळेल. कचरत कचरत एकेक जण आला, आणि थोरल्यामागे धाकटा अशी रांग लागली. भुलोबांनी शंख उकरून काढला. मग सगळे एकदमच बाहेर आले. क्षणभर किनाराभर मऊ, गुलाबी पाठी उन्हात होत्या. कुणी कुणाला ढकललं नाही. प्रत्येक जण पुढच्याच्या घरात शिरला आणि आतल्या आत ऐसपैस वळला.

शेवटी मुगाच्या दाण्याएवढा एक शंख उरला. रांगेच्या टोकाच्या इवल्याशा खेकडीने त्यातली वाळू झटकली, त्याचं तोंड वर केलं, तो भर रस्त्यात ठेवला आणि ती निघून गेली.