विंगेतलं बोट

“आणि ती परत अडकली तर?”

निनादने हे तिसऱ्यांदा विचारलं.

बुधाजीकाका रंगाच्या डब्यांची झाकणं काढत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“अडाकली तर अडाकली.”

“काका, अकराला पहिला प्रयोग आपलाच आहे. साडेनऊ झालेत.”

“माझ्याकडे घड्याळ नाय. तुझ्याकडे आसा. तूच बघ.”

बुधाजी परब म्हणजे दशावतारातले. पन्नास वर्षं राण्या केल्या त्यांनी. मी त्यांच्या मागे मृदंगावर असायचो, त्यामुळे त्यांना पाठमोरं मी जितकं पाहिलं तितकं कुणी पाहिलं नसेल. आता अठ्ठ्याहत्तर झाली; आज पोरांचे चेहरे रंगवायला आले होते. हात थरथरतो. ब्रश धरला की मात्र थरथरत नाही, का ते देवाला ठाऊक.

निनाद तेंडोलकर शहरातून नाटक शिकून आलेला. चार महिने आमच्या गावच्या बारा पोरांना घेऊन खपत होता. मुलगा चांगला. पोरांच्या घरी जाऊन आयांची समजूत काढायचा, तालमीनंतर एकेकाला दारापर्यंत सोडायचा. आज मुलांच्या नाटकांची स्पर्धा होती, तालुक्याच्या हॉलमध्ये. त्याच्या घशाला सकाळपासून कोरड पडली होती. बोलायच्या आधी बाटली, बोलून झालं की बाटली.

नाटक होडीवाल्याच्या मुलीचं. राजा नदीवर पूल बांधतो आणि होडीवाल्याचं काम जातं. ती मुलगी दरबारात जाऊन राजाशी बोलते. मोठं भाषण नव्हे, चार वाक्यांचं. मिताली गवस ते करायची. सातवीतली मुलगी. कालच्या तालमीत ती दोनदा अडकली, दोन्ही वेळा एकाच जागी.

“गर्दीतल्या वेदश्रीला सगळं पाठ आहे,” निनाद म्हणाला. “ती अडकत नाही. तिला लुगडं नेसवतो. मिताली गर्दीत उभी राहील.”

“सांग मगे तिका. थंय बसली हा.”

लुगडं एकच होतं, हिरवं. मिताली ते घरूनच नेसून आली होती. बसमध्येसुद्धा चुरगळेल म्हणून उभी राहिली म्हणे. आता ती पेटाऱ्याला टेकून बसली होती, आमच्यापासून चार हातांवर. तिला सगळं ऐकू येत होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती.

निनाद दोन पावलं गेला. परत आला.

“काका, तुम्ही सांगा.”

“मी रंगवूक इलंय.”

निनाद बाटलीचं झाकण फिरवत तिथेच उभा राहिला.

“बरं, ह्या सांग,” काका म्हणाले. “ती अडाकता तेवा तू काय करतंस?”

निनाद जरा ताठ झाला. “मी विंगेतच असतो ना, पडद्याच्या कडेला, तिला दिसेन असा. तिचं वाक्य आलं की ओठांनी शब्द दाखवतो. बोट वर करून खूण देतो.”

“दर टायमाक?”

“दर वेळी. मी तिला एकदासुद्धा सोडलेलं नाही.”

खोटं नव्हतं ते. मी पाहिलं होतं. पोरगी बोलायला लागली की याचे ओठ हलायचे, बोट उचललेलं असायचं. तिच्या आधी याचा श्वास अडकायचा.

“तुका पाठ आसा ता भाषण?”

“मीच लिहिलंय, काका.”

“मगे जा नि म्हण.”

“कुठे?”

“थंय. जंय ती म्हणता, थंय.”

निनाद हसला. “आत्ता? वेळ कुठे आहे?”

काकांनी डब्यांची झाकणं परत लावायला घेतली. एक लावलं. दुसरं लावलं...

निनाद रंगमंचाकडे निघाला.

“पोरांनु, खाली जावा. पयल्या रांगेत बसा. सर बोलतले.”

पोरं धडाधडा उतरली. मितालीही उतरली, लुगडं वर धरून. राजा झालेल्या कौस्तुभची मिशी अर्धीच चिकटली होती. ती हाताने दाबून धरून तो मधोमध बसला.

“माका जरा हात दी,” काका मला म्हणाले. मी उठवलं. ते हळूहळू विंगेत गेले आणि कडेला उभे राहिले.

निनाद मधोमध उभा राहिला. खांदे सोडले. पोरांकडे बघून मान डोलावली. मग सुरू केलं.

“महाराज, माझ्या बाबांनी या नदीत चाळीस वर्षं होडी हाकली.”

आवाज छान होता त्याचा.

“मध्यरात्री कुणी हाक मारली, तरी ते उठले.”

इथे त्याची नजर विंगेकडे गेली. काकांनी बोट वर केलं होतं. वाकडं, थरथरतं बोट. त्यांचं दात नसलेलं तोंड उघडत होतं, मिटत होतं.

“तुम्ही पूल बांधलात, चांगलं केलंत. पण...”

...

“पण...”

मिताली अडकायची तीच जागा. वर पंखा कुरकुरत होता. बारा पोरं मान वर करून त्याच्याकडे बघत होती. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

“सर,” कौस्तुभ हळूच म्हणाला, “बाटली आणून देऊ?”

निनादने मान हलवली. त्याने परत विंगेकडे पाहिलं. बोट तसंच वर होतं.

“काका, बोट खाली करा.”

“कित्याक? मी तुका सोडूक नाय.”

“काका, प्लीज.”

काकांनी बोट खाली केलं नाही.

“पण आता पलीकडून त्यांना हाक कोण मारणार?”

पहिल्या रांगेतून आलं ते. मिताली बसल्या बसल्या बोलली होती. निनादने हे वाक्य चढ्या आवाजात शिकवलं होतं, रागाने, हात पुढे करून. ती तशी बोललीच नाही. काठावर उभं राहून पाण्यापलीकडे कुणी दिसतंय का बघावं, तशी बोलली. चार महिने मी मृदंग घेऊन त्या तालमीत बसतोय. ते वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

निनाद तिच्याकडे बघत राहिला.

“परत म्हण.”

“नको सर. आता प्रयोगातच म्हणते.”

“आणि अडकलीस तर?”

तिने पदराचं टोक बोटावरून सोडलं.

“तुम्हीपण अडकलात ना.”

पोरं तोंडावर हात ठेवून खिदळली. वेदश्री सगळ्यांत जास्त.

निनाद खाली उतरला. वेदश्रीजवळ गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढे निघून गेला.

काकांनी मितालीला बोलावलं. तिच्या हातात आरसा दिला, ब्रश दिला.

“तुम्ही नाही रंगवणार, आजोबा?”

“आमच्यात आपलो रंग आपणच लावतत.”

“मला येत नाही.”

“माका तरी पयल्या दिवशी खंय येय होतो?”

ती लावत बसली. एक भुवई जाड झाली, दुसरी बारीक. निनाद पाठीमागे उभा होता. त्याचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला. मग त्याने बाटली तोंडाला लावली. ती केव्हाच रिकामी झाली होती.

दहा पंचावन्नला पहिली घंटा झाली. हॉल भरला होता, पडद्यापलीकडून माणसांचा आवाज येत होता. निनादने मितालीच्या खांद्यावर पदराला पिन लावली. लावताना स्वतःच्याच बोटाला टोचून घेतली.

“लागलं, सर?”

“नाही. तू जा.”

दुसरी घंटा झाली. पोरं आपापल्या जागी गेली. मिताली जाताना एकदा वळली, याच्याकडे नव्हे, विंगेकडे. रोजची जागा बघत असावी.

निनादने ते पाहिलं. तो डाव्या विंगेत गेला, परत आला. उजव्या विंगेत गेला, तिथूनही परत आला. हातावर हात चोळत आमच्यासमोर उभा राहिला.

“काका, मी उभा कुठे राहू? विंगेत राहिलो तर ती माझ्याकडेच बघणार. नाही राहिलो, आणि तिला गरज लागली तर...”

काका फडक्याने ब्रश पुसत होते. तिसरी घंटा झाली. पडद्याची दोरी कुरकुरली.

“विंगेतच, बोट खाली. नि मनान थंय, जंय विसारलंस.”