ठकूनं जत्रेत काय पाहिलं?

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तुमच्या पणजोबांच्या पणजोबांना तेव्हा दातही आले नव्हते. डोंगरांच्या कुशीत घोंगड्या विणणाऱ्यांचं एक गाव होतं. घरोघरी मेंढ्या, घरोघरी माग, आणि माणसं अशी बोलकी, की त्यांच्या गप्पांपुढे मागाचा खडखडाट ऐकू येऊ नये.

दसरा झाला की गावची माणसं घोंगड्या तट्टांवर लादून राजधानीच्या जत्रेला निघत. जाऊन यायला महिना मोडे. पण गावात एक रीत होती. ज्याला स्वतःची घोंगडी खांद्यावर पेलत नाही, त्यानं वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणजे लहान पोरं सगळी घरी. ही रीत कुणी घातली, का घातली, कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या रीतीचं कारण ठाऊक नसतं तीच माणसं जास्त घट्ट धरतात, नाही का?

याच गावात म्हाळसा राहायची. हात असा, की तिच्या घोंगडीतून पाण्याचा थेंब आत जायचा नाही. जीभ अशी, की गिऱ्हाइकाला भाव पाडता यायचा नाही. त्यामुळे तिला जत्रेला जावंच लागे. गेल्या वर्षी तिनं आपल्या दोन वर्षांच्या लेकीला, ठकूला, जावेपाशी ठेवलं होतं. महिन्यानं ती धावतपळत घरी आली, दोन्ही हात पसरले, आणि ठकू जावेच्या पदराआड लपली. आईला ओळखलंच नाही हो! म्हाळसा त्या दिवशी हमसून हमसून रडली.

यंदा ठकू तीन वर्षांची झाली आणि म्हाळसानं नवऱ्याला सांगून टाकलं, "पोरगी माझ्याबरोबर येणार."

नवरा बिरा, भला माणूस. तो म्हणाला, "माझं काही नाही गं. पण आबांना विचारलंस का?"

आबा म्हणजे गावचे कारभारी. त्यांच्या मिशा बघूनच पोरं पळत सुटायची. चावडीवर आबा गरजले, "म्हाळसे, तीन वर्षांच्या पोराला काय कळतंय? राजवाडा काय नि गोठा काय, त्याला सारखंच. घरी येईतो सगळं विसरलेलं असेल. वर तुमची निम्मी वाट तिला कडेवर घेण्यात जायची."

"विसरू दे की, आबा," म्हाळसा म्हणाली. "मी खाल्लेली पहिली भाकरी मला तरी कुठं आठवते? पण हाडं तिच्यावरच वाढली ना?"

चावडी हसली. आबा हसले नाहीत.

"बरं, ने. पण परत आल्यावर मी सगळ्यांसमोर पोरीला विचारीन. जत्रेतलं एक तरी ऐकण्याजोगं तिनं सांगितलं, तर रीत मोडली. नाही सांगितलं, तर पुढच्या वर्षी पोरगी जावेपाशी, आणि पुन्हा हा विषय माझ्यापुढं काढायचा नाही."

निघाली मंडळी. ठकू चाले कमी आणि थांबे जास्त. प्रत्येक दगड उचलून बघायचा, प्रत्येक तट्टाला हालहवाल विचारायचा. नदी उतरताना ती बापाच्या खांद्यावर बसली आणि त्याचे कान लगामासारखे ओढू लागली. "हो घोड्या, हो!" बिराचे कान लाल झाले. या सगळ्यात पोचायला उशीर झाला, मोक्याच्या जागा गेल्या आणि त्यांना कापडाचं पाल ठोकावं लागलं पार कडेला.

राजधानीत म्हाळसानं पोरीला पढवायलाच घेतलं. "हा राजवाडा. म्हण, राजवाडा. हा हत्ती. केवढा? डोंगराएवढा. आबांना काय सांगायचं? पुन्हा म्हण." उठता हत्ती, बसता हत्ती. शेवटी ठकूनं भर बाजारात असं भोकाड पसरलं, की हत्तीनंही मान वळवून पाहिलं. मग ती जेवेना, हसेना, 'राजवाडा' शब्द काढला की तोंड फिरवी.

म्हाळसा कपाळाला हात लावून बसली. शेजारच्या पालात एक मीठ विकणारी म्हातारी होती. तिची बोली लांबच्या मुलखातली, पण एवढं मात्र म्हाळसाला नीट कळलं.

"काय गं, जत्रेला पोर आणलंस का पोपट?"

म्हाळसा आधी गोरीमोरी झाली, मग तिला हसू फुटलं. खरंच की! आपण लेक जवळ असावी म्हणून तिला आणलं आणि आणल्यापासून तिला आबांसाठीच राबवतोय. "जाऊ दे तो हत्ती," ती म्हणाली, "जाऊ दे तो राजवाडा. ये गं माझे बाई!"

आणि मग काय विचारता! म्हातारीची नात आणि ठकू यांची गट्टी जमली. हिचा शब्द तिला कळेना, तिचा हिला कळेना, पण दोघींची बडबड काही संपेना. ठकूनं त्यांच्या मुलखातला आंबट भात खाल्ला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा मागितला. ढोल वाजला की नाचली, ढोलाच्या शेजारीच झोपली. दुसऱ्या दिवसापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याचं बोट धरून पालात आणू लागली. "माझ्या आयेनं विणली. हात लाव!" आता तीन वर्षांच्या पोरीला नाही कोण म्हणणार? कडेचं पाल, पण गर्दी तिथंच. म्हाळसाला इतकं हसायला या जत्रेआधी कधी मिळालं नव्हतं.

महिना सरला. मंडळी परतली तोच आबा चावडीवर तयार. सारा गाव जमलेला.

"पोरी, जत्रेत काय पाहिलंस?"

"किडा," ठकू म्हणाली.

"किडा? आणि हत्ती नाही पाहिलास?"

"हत्तीनं शेण टाकलं. मग किडा आला. त्यानं गोळा केला नि ढकलला."

चावडीत असा हशा पिकला, की पारावरचे कावळे उडाले. हसली नाही ती फक्त म्हाळसा. पुढच्या वर्षी पुन्हा तो जावेचा पदर, पुन्हा ते अनोळखी डोळे. ती मान खाली घालून उभी राहिली.

"संपलं," आबा म्हणाले. "शेणकिडे आपल्या वेशीबाहेर पैशाला पासरी. त्यासाठी राजधानीपर्यंत तंगडतोड कशाला?"

"तो उलटा चालतो," ठकू म्हणाली.

"कोण?"

"किडा. डोकं खाली करतो नि मागच्या पायांनी ढकलतो."

"हॅट्! किडा पुढं तोंड करून ढकलतो. डोक्यानं."

"तू बघितलास?"

आबा जरा अडखळले. "त्यात बघायचंय काय?"

"मग चल, दाखवते," असं म्हणून ठकूनं आबांचं बोट धरलं. गाव मागोमाग निघालं. गेल्या वर्षी आईला बघून लपणारी ही पोर, आणि त्या मिशांना ओढून घेऊन चालली!

वेशीबाहेरून नुकतीच गुरं गेली होती. ठकू उकिडवी बसली. आबाही गुडघे कडाकडा वाजवत बसले. एक काळा किडा डोकं जमिनीला टेकून, मागचे पाय गोळ्यावर रोवून, उलटा उलटा चालला होता. गोळा खळग्यात घसरला. किडा उताणा झाला, सरळ झाला आणि पुन्हा लागला ढकलायला.

"अरे तिच्या!" आबा म्हणाले. "साठ वर्षं या वाटेनं जातोय मी. मला कसा नाही दिसला?"

"तू खाली बसलाच नाहीस," ठकू म्हणाली.

तेवढ्यात गावातली सगळी बारकी पोरं धावत आली आणि पोटावर पडून बघू लागली. बिरा हळूच म्हणाला, "आबा, पोरं वेशीबाहेर आलीत."

आबांनी मान वर केली. मिशीतल्या मिशीत हसले. "आलीत तर येऊ देत. तू आधी बाजूला हो बाबा, तुझी सावली पडतेय."

पुढच्या दसऱ्याला तट्टांवर घोंगड्यांच्या गठ्ठ्यांत पोरंही बसली. त्या गावाला जत्रेत पोचायला दरवर्षी उशीरच होऊ लागला, आणि दरवर्षी सर्वांत जास्त गलका त्यांच्याच पालात असे. ठकू पुढे मोठी झाली, मुलूखभर हिंडली, कुठल्याही बोलीच्या माणसाजवळ न बुजता बसू लागली. कुणी तिला विचारलं, "पहिल्या जत्रेतलं काय आठवतं गं?" तर ती म्हणे, "हत्ती नाही, किडा नाही, काहीसुद्धा नाही. आय बरोबर होती, एवढंच."

म्हणून जाणती माणसं सांगतात: लहानपणी आईबापांबरोबर केलेला प्रवास आठवणीत राहो न राहो, तो अंगात मुरतो.