दहा पावलांवरची खुर्ची

भाऊसाहेब गायधनी गावातले सर्वांत मोठे द्राक्षबागायतदार. छाटणीनंतर काड्यांचा भुगा करायला त्यांनी ट्रॅक्टरमागे जोडायचं मल्चर घेतलं. काड्या अडकून काम रेंगाळतं म्हणून त्याचं मागचं लोखंडी झाकण त्यांनी काढायला लावलं. ड्रायव्हर यमाजीनं नको म्हटलं, पण त्याचं कोण ऐकणार? तिसऱ्या दिवशी फिरत्या पात्यांतून दगड उडाला आणि काड्या वेचणाऱ्या ठकूबाईचा डावा डोळा गेला.

ग्रामपंचायतीत बैठक बसली. भाऊसाहेब ठामपणे म्हणाले, "झाकण असो वा नसो, मशीनला काही धोका नाही. बाई जवळ गेली, चूक तिची."

ठकूबाई उठली. "किती लांब राहायला हवं होतं, भाऊसाहेब?"

"दहा पावलं पुरे."

"मग आत्ताच बागेत चला. मी दहा पावलं मोजून तुमची खुर्ची मांडते. यमाजी झाकणाशिवाय दोन ओळी मारील, तुम्ही मशीनकडं तोंड करून बसा. दोन्ही ओळी संपेपर्यंत न उठता बसलात, तर चूक माझी, असं लिहून अंगठा देते."

भाऊसाहेबांच्या तोंडून निघून गेलं, "आणि दगड उडाला तर?"

"तर चूक तुमची," ठकूबाई शांतपणे म्हणाली. "जवळ बसलात म्हणून."

भाऊसाहेबांनी यमाजीला झाकण परत बसवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी झाकण बसलं. ठकूबाई त्याच बागेत कामाला आली. डावीकडची काडी उचलायला आता तिला सगळी मान वळवावी लागत होती.