चौथ्या प्रश्नाचा मानकरी

यार्देन नदीच्या पश्चिमेला, इस्राएल लोकांच्या डोंगराळ मुलखात शेकेद नावाचे गाव होते. शेकेद म्हणजे बदाम. गावात बदामाची झाडे पुष्कळ, पाणी बेताचे आणि माणसे भांडखोर. अशा गावी यदायाह महाराजांचे वास्तव्य होते, हे त्या गावाचे भाग्यच म्हणायचे. महाराज परमेश्वराचे याजक. वेदीवर अर्पण करावे, आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी आणि लोकांची भांडणे मिटवता मिटवता आपले जेवण थंड करून घ्यावे, असा त्यांचा दिनक्रम.

भाविकहो, त्या काळी इस्राएलाला राजा नव्हता आणि पगारी फौजही नव्हती. शत्रू आला की शिंग फुंकले जाई; मग कोणी नांगर सोडून, कोणी मेंढरे सोडून भाला घेऊन येई. लढाई त्यांच्या लेखी देवाची सेवा होती. सैन्याच्या तळावर परमेश्वर स्वतः वावरतो अशी त्यांची श्रद्धा, म्हणून देवस्थानात पाळावे तसे सोवळे ते तळावर पाळत. आणि लढाईआधी याजकाने सैन्यापुढे उभे राहून चार प्रश्न विचारायचे, असा नेम होता. नवे घर बांधून त्यात राहायचे राहून गेले आहे, असा कोणी आहे का? द्राक्षमळा लावून फळ चाखले नाही, असा? सोयरीक झाली पण लग्न व्हायचे आहे, असा? आणि शेवटचा प्रश्न, कोणाला भीती वाटते का? ज्याचे उत्तर होय, त्याने खुशाल घरी जावे.

पहिल्या तीन प्रश्नांना माणसे पुढे येत. चौथ्याला कोणी येत नसे. ज्याला भीती वाटे, तो आधीच्या तिनांत कुठेतरी स्वतःला बसवून घेई. कापणीच्या दिवसांत वाळवंटातल्या टोळ्या धान्य लुटायला आल्या, त्या वर्षी तर शेकेदमध्ये कितीतरी नवी घरे निघाली; शोधायला गेलेल्याला मात्र एकही ओली भिंत सापडली नसती! ही नव्या घरांची मंडळी हसतखेळत मोठ्या रस्त्याने गावाकडे चालती झाली. बाकीचे सैन्य टेकडीवरच्या तळावर राहिले.

मग महाराजांनी चौथा प्रश्न विचारला, आणि ओबेद पुढे आला.

ओबेद मेंढरांची लोकर कातरणारा. गरीब आणि भाविक माणूस, वेदीपुढची राख न सांगता उचलणारा. आदल्या वर्षीच्या लुटीत त्याचा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत मारला गेला होता. तेव्हापासून भाला हातात घेतला की त्याला तो दिवस आठवे. शेजाऱ्यांनी त्याला कानात सांगून पाहिले होते, की द्राक्षमळा लावलाय म्हण आणि सूट. पण याजकासमोर, म्हणजे देवासमोर, खोटे बोलायला त्याची जीभ वळेना.

"महाराज, मला भीती वाटते," तो म्हणाला.

सगळा तळ हसला. सर्वांत मोठ्याने हसला तो सरदार गिद्देल. गावातले बडे घर, पितळी पात्याचा भाला आणि आवाज असा की दोन शेतांपलीकडचा बैल थबकावा. तो म्हणाला, "जा की घरी. पण कापणीच्या पंगतीत तुला पान मिळायचं नाही. आणि भित्र्याची लेक या गावात कोण करून घेतो, तेही मी बघतो."

ओबेदचा चेहरा उतरला. त्याला एकच मुलगी होती.

महाराज म्हणाले, "सरदार, प्रश्न मी विचारला, उत्तर त्यानं मला दिलं आहे." मग त्यांनी ओबेदच्या डोक्यावर हात ठेवला. "जा, बाळा. वाटेत भीती वाटली की थांब आणि परमेश्वराला हाक मार. लाजून हळू मारू नकोस."

मोठ्या रस्त्याने जायला ओबेदला तोंड नव्हते. टेकडीमागची घळ गावाकडे जात असे. तो तिच्यात उतरला. भर दुपार होती. थोडे चालल्यावर पुढच्या वळणापलीकडे दगड घरंगळल्याचा आवाज झाला. तो थांबला. होता नव्हता तेवढा दम एकवटून त्याने परमेश्वराला हाक मारली.

दोन्ही कड्यांवरून त्या हाकेला ओ आली. आधी एका माणसाची, मग शंभरांची, मग साऱ्या सैन्याने एकदम गर्जना करावी तशी! ओबेद इतका घाबरला की काटेरी झुडपात घुसून बसला.

वळणापलीकडे लुटारूंची एक टोळी होती. सैन्य टेकडीवर, गावात बायकापोरे आणि लढायला न थांबलेली मंडळी. घळीतून गुपचूप जाऊन गाव जाळायचे, असा त्यांचा बेत. पण सैन्य अंगावर आलेसे वाटून ते भाले टाकून पळाले, आणि त्यांना पळताना पाहून टेकडीसमोर सैन्याला अडवून बसलेल्या साथीदारांनीही पळ काढला. शेकेद वाचले.

ओबेदने झुडपातून निघून लुटारूंनी टाकलेल्या भाल्यांचा भारा बांधून तळावर आणून ठेवला आणि सैन्याचे आभार मानले, वेळेवर गर्जना केलीत म्हणून. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तळावर कोणी तोंडही उघडले नव्हते. गिद्देल म्हणाला, घळीत आवाज घुमतो, त्यात नवल कसले? आणि दाखवायला म्हणून तो स्वतः घळीत उतरला. आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात त्याने आरोळी ठोकली. काही परत आले नाही. घसा बसेपर्यंत तो ओरडला. कडे गप्प होते.

संध्याकाळी तो महाराजांकडे आला. बोलताना घोगरा आवाज निघत होता. "महाराज, देव तर सैन्याबरोबर तळावर असतो ना? मग तो घळीत कसा?"

महाराज म्हणाले, "तळावर तुम्ही एवढे जण होता, गिद्देल. ओबेद एकटा घरी निघाला होता आणि भ्यायला होता. त्याला सोबत नको?"

गिद्देल खाली बसला. मग त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, आणि उठून तसाच ओबेदच्या दारी गेला. कापणीच्या पंगतीत ओबेदचे पान पहिले मांडले, ते गिद्देलने स्वतःच्या हातांनी.

पुढे पुन्हा शिंग वाजले, तळ पडला, महाराजांनी चौथा प्रश्न विचारला. तेव्हा सर्वांच्या आधी गिद्देल पुढे आला आणि पितळी भाला जमिनीवर ठेवून महाराजांपुढे वाकला.

"मला भीती वाटते, महाराज. पहिल्यापासून वाटते. घरी नाही जायचं मला. सोबत मिळेल का, एवढंच विचारायचं होतं."

त्या दिवशी कोणी हसले नाही. रांगेतून ओबेद निघाला आणि त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.