चिरलेला सत्कार

जावयाच्या दुकानातली चिरलेल्या भाज्यांची पाकिटं खपावीत, म्हणून आमच्या सोसायटीचे अध्यक्ष टिकेकर यांनी गेटवरची भाजीची हातगाडी हटवली. वर आम्हालाच सुनावलं, ‘‘अख्खा भोपळा घरी नेऊन चिरत बसणारी माणसं मागासलेली!’’

पुढच्याच महिन्यात साहेबांची साठी आली. सत्काराचं काम विमलताई घोरपड्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

टाळ्या वाजल्या, टिकेकरांनी मान झुकवली आणि विमलताईंनी त्यांच्या हातात दोन पाकिटं ठेवली. एकात खवलेलं खोबरं, दुसऱ्यात शालीचे चौकोनी तुकडे.

‘‘हे काय?’’ टिकेकर किंचाळले.

‘‘शाल-श्रीफळ,’’ विमलताई म्हणाल्या. ‘‘अख्खं देऊन तुम्हाला मागासलेलं कसं ठरवणार?’’

हातगाडी दुसऱ्याच सकाळी गेटवर परतली. शालीच्या तुकड्यांनी टिकेकरवहिनी अजून ओटा पुसतात.