गाडग्यातली ओ

दही मातीच्या गाडग्यात लागायचं, त्या काळची ही गोष्ट. चमचाभर विरजणातून असंख्य जिवाणू कोमट दुधात उतरले. त्यांतला गोडू अंगाची इवली दारं उघडून दुधातली साखर आत ओढू लागला. म्हातारी आंबूमावशी मात्र जेमतेम खाऊन, अंगचा वास सोडून इतरांना हाळी देत राहिली.

"मावशी, हाळी द्यायला ताकद लागते. गप खा की!" गोडू म्हणाला.

"अरे, आमच्या जुन्या गाडग्यात हाळी दिली की चहूकडून ओ यायची. मग सगळे मिळून दूध आंबवायचो. इथं बघावं तर प्रत्येकाचं तोंड भरलेलं!"

एवढ्यात दूध नासवणारे जंतू काठावरून शिरले आणि साखरेवर तुटून पडले. गोडूच्या दाराशी कणही येईना. घाबरून त्यानं मावशीला ओ दिली. ती ऐकून शेजाऱ्यानं दिली, मग त्याच्या शेजाऱ्यानं. सगळ्यांनी मिळून दूध आंबवलं. त्या आंबटपणात नासके जंतू जागीच थिजले.

सकाळी घरधनिणीनं चमचाभर दही नव्या दुधात घातलं. गोडू त्यात आला, मावशी मागेच राहिली. इथंही सगळे मुकाट्यानं खात होते. गोडूनं साखर सोडून हाळी दिली.

"काका, गप खा की!" कुणीतरी खेकसलं.

"अरे," गोडू म्हणाला, "आमच्या जुन्या गाडग्यात..."